सोपाना, तुझं दुकान शर्यतीला आडवं आलं

सोपाना,

काल तुझा दहावा झाला. नदीच्या घाटावर मंडप होता, खुर्च्या होत्या, माईक होता. आपल्याकडं माणूस माईकशिवाय मरत नाही. महाराजांचं प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीला पुढारी उठला. त्याला त्या सकाळी आणखी दोन दहावे गाठायचे होते, म्हणून ड्रायव्हरनं गाडी चालूच ठेवली होती. पुढाऱ्यानं हातातल्या चिठ्ठीवरून तुझं नाव वाचलं, आडनाव चुकवलं, आणि म्हणाला, "कैलासवासी सोपानराव हे थोर क्रीडाप्रेमी होते. आपल्या भागात जी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी त्यांनी स्वखुशीनं आपली जागा रिकामी करून दिली. असा त्यागी माणूस होणे नाही."

लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून 'हे खोटं आहे' असं मी म्हणालो नाही. घसा साफ केला, एवढंच. शेजारच्याला वाटलं, मला भरून आलंय.

त्यागी म्हणे. तुझ्या दारावर नोटीस चिकटवली होती तेव्हा तिच्यात तू 'अतिक्रमणधारक' होतास. मेल्यावर बढती मिळाली तुला.

तिथं बोललो नाही ते इथं लिहितोय. तू उलट बोलू शकत नाहीस हे मला सोयीचं आहे, हेही आधीच कबूल करतो. आयुष्यभर वादात मी तुला शब्दांनी हरवलं आणि तू नंतर खरा ठरलास.

अतिक्रमणाचं आधी बोलू. तुझा बा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने चालायचा. गुडघ्यांनी नाही म्हटलं त्या वर्षी तो आपल्या फाट्यावर बसला आणि तुझ्या आईनं तिथं चूल मांडली. तेव्हा तो रस्ता बैलगाडीचा होता. पुढं त्यावर खडी आली, डांबर आलं, साइडपट्टी आली. दर खेपेला रस्ता तुमच्या ओट्याकडं सरकत आला. तुम्ही रस्त्याकडं एक पाऊलही सरकला नाहीत. तरी नोटीस तुम्हाला. रस्त्याला कोण नोटीस देणार.

चौथीनंतर तू शाळा सोडलीस, मी शिकत गेलो. पण माझी शेवटची परीक्षा जुन्नरला होती आणि सकाळची एसटी चुकली, तेव्हा मला डबलसीट घेऊन जुन्नरपर्यंत सायकल कोणी मारली? मी मागं कॅरिअरवर बसून पुस्तक वाचत होतो. चढाला तू उतरलास, तरी मला उतरू दिलं नाहीस. "तू वाच. तुला दमून चालणार न्हाई," म्हणालास. पेपर संपेपर्यंत केंद्राच्या बाहेर झाडाखाली झोपलास आणि परत घेऊन आलास. मी मास्तर झालो, पुढं हेडमास्तर झालो. माझं सगळं गुरुजीपण तुझ्या पिंढऱ्यांवर उभं आहे. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सत्कारात आई-वडिलांचं आणि गुरुजनांचं नाव घेतलं. तुझं घ्यायचं राहून गेलं.

त्याच फाट्यावर तू सायकलचं दुकान टाकलंस. पुढं पत्र्याचं दुकान, मागं दोन खोल्या. माझ्या शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या आणि निम्म्या सायकली महिन्याभरात खुळखुळ्या झाल्या, त्या तू उभ्या केल्यास. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तू चाक फिरवून बघायचास, मग आरे बोटानं छेडायचास आणि कुठला ढिला आहे ते आवाजावरून सांगायचास. मुली वर्गात यायच्या तेव्हा त्यांच्या फ्रॉकला तुझ्या दुकानातलं ग्रीस लागलेलं असायचं, कारण "चेन चढवायला तूच शीक" म्हणून तू त्यांनाच कामाला लावायचास.

आणि सायकल शर्यत येणार हे कळल्यावर सगळ्यांत आधी कोण हरखलं? तूच. पेपरातलं कात्रण तू पंपाच्या वर चिकटवलंस. मंचरवरून निरगुडसरकडं वळसा घेऊन शर्यत आपल्या फाट्यावरून जुन्नरकडं जाणार होती. "मास्तर, एका बोटावर उचलता येतीया म्हणं त्यांची सायकल," तू म्हणालास. "एखाद्याची तरी हितंच बिघडावी राव. हात लावून बघीन नुसता."

त्यानंतर आपल्या भागाला काय रूप चढलं ते तू बघितलंसच. आपण वर्षानुवर्षं खड्ड्यांचे अर्ज दिले. तुझ्याच चुलत वहिनीला बाळंतपणासाठी मंचरला नेताना जीप रुतली होती, तेव्हाही अर्ज दिला. रस्त्याला निधी नव्हता. परदेशातली पोरं पातळ टायरवरून येणार म्हटल्यावर मात्र रस्ता असा गुळगुळीत झाला की त्यावर कुत्रं घसरावं. अर्थात कुत्रीही उचलली. शाळेच्या भिंतीवर चित्रं काढली, त्यातले सायकलस्वार गोरे आणि शेतकरी हसरे. फाट्यापुढच्या झोपड्यांना बांबू ठोकून हिरवी जाळी लावली. आठवड्याचा बाजार मागच्या गल्लीत ढकलला. मेंढरंवाल्यांना सांगितलं, महिनाभर या रस्त्यानं फिरकू नका. हेलिकॉप्टरमधून कॅमेरा असणार होता. आपण वरून सुंदर दिसायचं होतं.

वरून बघितलं की तुमचे पत्रे दिसत होते.

तुमची चार घरं. तू, तुझा चुलत भाऊ, चहावाली पारूबाई आणि केस कापणारा दत्तू. चौघांच्या भिंतींवर लाल रंगाची फुली पडली. पंचायतीच्या हॉलमध्ये स्वागत समितीची बैठक झाली आणि मी त्या समितीत होतो. रिटायर हेडमास्तर, अक्षर चांगलं, भाषा शुद्ध. अशा कामाला असा माणूस लागतोच. रस्त्याचं काम बघणारा साहेब माझ्या घरी चहाला आला. गोड माणूस. बैठकीत बोलला होता तेच पुन्हा म्हणाला, "गुरुजी, ते तुमचे मित्र ना? तुम्हीच समजवा. स्वखुशीनं काढलं तर रेस झाल्यावर जागा परत. आम्हाला काढावं लागलं तर मग आम्ही बांधील नाही."

मी त्याला शब्द दिला आणि तुझ्याकडं आलो. तू ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवत होतास.

"कागदावर हाय का, जागा परत द्यायचं?" तू विचारलंस.

"तोंडी आहे. पण समितीसमोर बोललाय तो."

"समितीत कोन कोन हाय?"

मी नावं सांगितली. तू हसलास. "मंजी ज्यांची घरं रस्त्यापासून लांब हायती त्ये समदे."

मला राग आला. मी मास्तरकी आवाज काढला. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. जगातली माणसं आपल्या गावात येतायत. चार पत्र्यांसाठी आडवा येणार का तू?"

"मी कुटं आडवा आलोय? मी तर कडंला बसलोय. बा बसला व्हता तितंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद लिहून आणला. 'आम्ही खाली सह्या करणार, आमच्या ताब्यातील दुकाने व राहत्या खोल्या स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय काढून घेत आहोत.' 'कोणत्याही दबावाशिवाय' हे शब्द साहेबानं सांगितले नव्हते. ते मी घातले. वाक्याला तोल येतो म्हणून. तू कागद घेतलास, सावकाश वाचलास, घडी करून खिशात ठेवलास आणि "उद्या देतो" म्हणालास. दुसऱ्या दिवशी सही करून दिलास. तुझी सही बघून उरलेल्या तिघांनी केली. दत्तूनं तर वाचलंही नाही.

पत्रे तू स्वतः उतरवलेस. एकेक खिळा काढून डब्यात टाकलास. तुझ्या बायकोनं, हिराबाईनं, न्हाणीचा दगडसुद्धा सोडला नाही. नंतर जेसीबी आला आणि जोत्यावरून दोनदा फिरला. ड्रायव्हरचा चहा निवला नाही तेवढ्यात तिथं कोणी राहत होतं याची खूण उरली नाही. पारूबाई भावाकडं गेली. दत्तू कुठं गेला ते अजून नीट माहीत नाही. तू हिराबाईला घेऊन ओतूरला लेकीकडं गेलास. "तितं स्टँडापाशी टपरी टाकतो," म्हणाला होतास. पण ओतूरलाही त्या हंगामात रस्त्याच्या कडा साफ करणं चालू होतं. सगळीकडं पाहुणे येणार होते.

तुझ्या जागेवर गोल कट्टा बांधून त्यावर पोलादी सायकल उभी केली, दोन पुरुष उंचीची. पुढाऱ्यानं तिचं अनावरण केलं. मी स्वागतपर दोन शब्द बोललो. होय, बोललो.

शर्यतीच्या दिवशी शाळेतल्या पोरांना सकाळपासून उन्हात कागदी झेंडे देऊन उभं केलं होतं. मंचरपासून रस्ता बंद. मी मंडपात गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलो होतो. तू ओतूरहून निघालास, एसटी मंचरलाच थांबवली, तिथून शेतांतल्या वाटेनं चालत आलास, हे मला नंतर कळलं. मी तुला बघितलं तेव्हा तू बांबूच्या अडसरापलीकडं होतास आणि एक हवालदार तुला मागं सारत होता. मंडप पाहुण्यांचा होता. तू ज्या ठिकाणी उभं राहायला मागत होतास तिथं तुझी मोरी होती.

मग शिट्ट्या वाजल्या, मोटारसायकली गेल्या, आणि ते आले. रंगीत कपड्यांचा एक लोट आला, हवा कापल्यासारखा आवाज झाला आणि लोट गेला. मुलांनी झेंडे पुरते वर केले नव्हते. माझ्या शेजारचा सदस्य फोन काढत होता, त्याला फोटो मिळाला नाही. एवढ्यासाठी. चार चुली, एक बाजार, सगळी कुत्री आणि माझी भाषा, एवढ्यासाठी. मागून टपावर सायकली लादलेल्या गाड्या गेल्या. त्यांचे मिस्त्री त्यांच्याबरोबरच होते. आपल्या फाट्यावर कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

मी उठून तुझ्याकडं आलो. मला वाटलं, तू चिडशील. तू गेलेल्या रस्त्याकडं बघत होतास आणि तुझा चेहरा खूश होता. हे मला आजही सोसत नाही.

"गुणी पोरं हायती," तू म्हणालास. "शेवटनं दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आउट व्हता. जरासाच. जुन्नरपातूर जाईल त्यो, पुढं तरास देईल."

मग तू त्या पोलादी सायकलीकडं बघितलंस. सगळीकडून फिरून बघितलंस. "चेन उजव्या अंगाला असती, ह्येंनी डाव्या बाजूला लावलीया," म्हणालास. साऱ्या तालुक्याचे साहेब, पुढारी, शिल्पकार आणि मी, कोणाला ते दिसलं नव्हतं. अजून ती तशीच आहे. लोक तिच्याबरोबर फोटो काढतात.

मी काहीतरी बोलायला गेलो. तू माझ्या डोक्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "फेटा चांगला बसलाय तुमचा, गुरुजी."

साठ वर्षांत तू मला गुरुजी म्हटलं नव्हतंस. मास्तर म्हणायचास, आणि 'तू' म्हणायचास. त्या दिवसापासून मी 'तुमी' झालो. शिवी दिली असतीस तर मी उलट शिवी दिली असती आणि आपण चहा प्यायलो असतो.

शर्यतीनंतर जागेचं विचारायला मी साहेबाकडं गेलो. तो बदलून गेला होता. नव्या साहेबानं फाइल काढली, माझ्याच अक्षरातला कागद माझ्यापुढं सरकवला. "गुरुजी, यात परत द्यायचं कुठं आहे? आणि आता तिथं सुशोभीकरण झालंय." त्यानं कागदावरून बोट फिरवलं. "किती सुरेख लिहिलंय बघा. कोणत्याही दबावाशिवाय."

हे सांगायला ओतूरला आलो. तू दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत बसला होतास, खाली मोटारसायकली चाललेल्या. हात इतके स्वच्छ मी तुझे कधी बघितले नव्हते. नखांत काळं नव्हतं. मी साहेबाचं सांगितलं. तू "असू द्या" म्हणालास. मी म्हणालो, "पण रस्ता तर चांगला झाला ना, सोपाना?" असं मी खरंच म्हणालो. माणूस स्वतःला वाचवायला काय काय बोलतो.

तू म्हणालास, "रस्ता आपन आदीपास्नं मागत व्हतो, गुरुजी. माजं घर ठिवून नसता का झाला?"

त्यानंतर मी दोनदा ओतूरला बाजाराला आलो आणि तुझ्या जिन्यापासून परत फिरलो.

तू गेलास ते हृदयानं. शर्यतीनं तुला मारलं असं मी लिहिणार नाही. पन्नास वर्षं बिडी ओढलीस, ती काही स्वागत समितीनं दिली नव्हती. तुझ्या मरणावर टाळ्या मिळतील असं वाक्य घडवणं मला जमेल, आणि म्हणूनच घडवत नाही. माझी वाक्यं काय करतात ते आपण बघितलंय.

काल पुढाऱ्याची गाडी गेली, पंगती उठल्या, तेव्हा मी हिराबाईपाशी जाऊन बसलो. म्हणालो, "वहिनी, तो कागद मी लिहिला होता."

"ठावं हाय भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी त्या दिशी घरी वाचून दावला मला. दोनदा वाचला. म्हणले, जागा काय परत गावत न्हाई आता."

"त्याला तेव्हाच माहीत होतं?"

"तवाच. कागदातच न्हाई म्हणले."

"मग सही का केली?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणले, मास्तरनं साहेबाला शब्द दिलाया. म्या सही न्हाई केली तर चार लोकांत त्याचं तोंड पडंल. आपलं काय, पत्र्याचं हाय, कुटंबी उभं ऱ्हाईल. त्याला ह्या गावात ऱ्हायचंय."

सोपाना, मी रात्रभर झोपलो नाही हे सांगत बसत नाही. माझ्या वयाला झोप तशीही कमीच. पण मला तुझा राग आला आहे. हे तू चूक केलंस. जुन्नरच्या चढावर मला कॅरिअरवरून उतरू दिलं नाहीस, तेव्हा मी पोर होतो. आता सत्तरीला टेकल्यावरही तू उतरू दिलं नाहीस. माझं तोंड पडायला हवं होतं. चार लोकांत, समितीसमोर, चांगलं आपटायला हवं होतं. आणि तुझं बघून त्या तिघांनी सह्या केल्या, त्याचं काय? पारूबाई आज भावजयीच्या हाताखाली भांडी घासते. मला वाचवताना तू तिचा विचार केला होतास का? हा वाद आपला राहिला. तू असतास तर मी तो घातला असता, आणि बहुतेक या एकाच वादात मी खरा ठरलो असतो. तुझ्या उपकाराखाली दबून मरायचं माझ्या नशिबी ठेवून तू निघून गेलास. आभार मानू की भांडू, कळत नाही. दोन्ही करतो.

आज सकाळी फाट्यावर गेलो तर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला लाल फुल्या. शर्यत पुन्हा येणार आहे. या खेपेला वळण मोठं करायचं म्हणतात. पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, मागं राहणारी पाच घरं. दुपारी समितीतला एक सदस्य घरी आला, मोबाइल बघत बघत. "गुरुजी, मागच्यासारखंच निवेदन लिहून द्या. तुमच्या भाषेला वजन आहे." मी त्याला बसा म्हटलं नाही. लिहीत नाही, एवढंच सांगितलं. त्याला ते समजलं नाही. तो म्हणाला, "मग उद्या येऊ का?"

तो गेल्यावर मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून गिरणीवर गेलो. गिरणी चालवते ती सुमन, माझीच विद्यार्थिनी. पीठ झटकत बाहेर आली. मी म्हणालो, "सही मागायला येतील. करू नका. कोणीच करू नका."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मागच्या बारीला सह्या तुमीच घेतल्या व्हत्या, गुरुजी. आता तुमीच म्हणताय करू नका. तुमच्यावर इस्वास कसा ठिवायचा आमी?"

"ठेवू नका," मी म्हणालो. "माझ्यावरही नको आणि त्यांच्यावरही नको. जे देणार म्हणतील ते आधी कागदावर मागा."

आत जाऊन तिनं पट्टा थांबवला. गिरणी शांत झाली तसे वेल्डिंगवाला आणि मागच्या घरांतल्या बाया बाहेर आल्या. सुमननं पिठाचा एक डबा पालथा घातला आणि माझ्यापुढं सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "ह्येच समद्यांना सांगा. आन् मागचा कागद कुनी लिवला व्हता, त्येबी सांगा."

मी बसलो आणि सांगितलं.